डाव्या अंगाचा सायलेन्सर

१

आमच्या दुकानात दिवसभर एकच काम चालतं. फुटलेले सायलेन्सर जोडायचे, आणि जोडण्यासारखे नसतील तर बदलायचे. पेठ रोडला मार्केट यार्डाच्या थोडं पुढे आमचं पत्र्याचं दुकान आहे. वर पाटी आहे, 'रविराज सायलेन्सर'. रविराज माझा मोठा भाऊ. मी लखन. पाटीवर माझं नाव नाही आणि मला ते बरं वाटतं. नाव दिसलं की लोक हाक मारतात, मग उत्तर द्यावं लागतं.

बोलायचं काम दादाचं. त्याचा आवाज दणदणीत. रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे. दादा जागेवरून न उठता ओरडायचा, "दोन कट, एक बिनसाखर!" मधून टोमॅटोचे टेम्पो, ट्रॅक्टर, बस सगळं धडधडत जात असायचं, तरी टपरीवाला हात वर करायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "रविदादा, एक सायलेन्सर स्वतःच्या गळ्याला बसवा."

"मला बसवला तर दुकान हा लख्या चालवणार का?" दादा म्हणायचा. "याला नाव विचारलं तर म्हणतो, घरी विचारून सांगतो."

सगळे हसायचे. मीही हसायचो. दादा बोलत असला की माझ्या वाटचं बोलून झालं असं मला वाटायचं. नववीत शाळा सोडली तेव्हा घरी तोंड उघडायचा मला धीर झाला नव्हता. तेसुद्धा दादानेच सांगितलं होतं.

काम तपासायची आमची एक पद्धत होती. वेल्डिंग झालं, सायलेन्सरचा डबा निवला, की एका तोंडात ओल्या फडक्याचा बोळा कोंबायचा. दुसऱ्या तोंडाला दादा स्वतःचं तोंड लावून जोरात फुंक मारणार आणि मी वेल्डिंगवर गाल टेकून बसणार. कुठे केसाएवढी फट राहिली असली तरी वारा गालाला लागतो. बाकीचे गॅरेजवाले हवेची नळी लावतात. दादाला ते पटायचं नाही. "नळीला काय कळतं? फुंक अडली की छातीला कळतं," म्हणायचा. पेठकडचे म्हातारे त्याची चेष्टा करायचे, "भगतबी फुंक मारतो आन् तूबी मारतो. भगत नुसता कोंबडं जास्तीचं घेतो."

२

ती गाडी भर सकाळी आली. स्पोर्ट कार, राखाडी रंगाची, इतकी बुटकी की गटारीच्या ढाप्यावरून आत येईना. आम्ही फळ्या टाकल्या. गाडीतून सावळीराम उतरला. घोटीकडचा माणूस, पन्नाशीचा, ड्रायव्हर. मालकाचा बंगला गंगापूर धरणाच्या बाजूला आहे, एवढं त्याने सांगितलं. मालक आम्हाला कधीच दिसला नाही.

"दोनी सायलेन्सर तडकलेत," तो म्हणाला. "नवे बाहेरच्या देशातून यायचेत. लय टाइम लागल म्हणतेत. तवर जोडून द्या. मालकाला आवाज नको हाय."

दादा हसला. "काका, लोक आवाजासाठी असली गाडी घेतात."

"इंजनाचा चालतो ओ."

"मग कोणता नको?"

सावळीराम फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते. "डाव्या अंगाचा. गाडी बंद केल्यावर येतो तो."

"लोखंड निवताना टकटक करतंच."

"टकटक नाय करत."

"मग?"

तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी तरी त्याची सुटका करीन. मी मान खाली घातली. शेवटी तो म्हणाला, "तुमी जोडा. नीट जोडा म्हंजे झालं," आणि टपरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला.

३

दोन्ही डबे काढले. उजवा काढायला सोपा गेला. डाव्याचे नट सुटले तरी तो खाली येईना. दोघांनी धरून ओढला तेव्हा आला आणि हातात इतका जड लागला की दादा म्हणाला, "पाणी साठलंय वाटतं." उलटा करून पाहिला. पाणी नव्हतं.

डबा आधी वाजवून बघायचा असतो. चांगला असेल तर पान्हा मारल्यावर ठण्णकन वाजतो. तडा असेल तर फुटक्या माठासारखा बद्द येतो. उजवा बद्द वाजला. मी डाव्यावर पान्हा मारला आणि काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा मारला. हाताला झिणझिण्या आल्या, म्हणजे फटका बसला होता. मी मनाशी म्हटलं, आत काचेची लोकर गच्च भरलेली असेल, ती आवाज खाते. तिचं कामच ते आहे. पण पान्हाही लोखंडाचाच होता, त्याचा तरी आवाज यायला हवा होता. ही गोष्ट मी दादाला सांगितली नाही. तो वेल्डिंगचा मुखवटा चढवून बसला होता आणि गुणगुणत होता.

वेल्डिंग सुरेख झालं. उजव्याची फुंक मारून झाली. डाव्यात मी बोळा कोंबला. दादाने तोंड लावलं आणि मी जोडावर गाल टेकला.

फुंक सुरू झाली. वारा कुठेच लागत नव्हता. जोड पक्का होता, मी हात वर करून तशी खूणही केली. पण दादा थांबेना. त्याची छाती बसत गेली, पोट आत गेलं, गाल खपाटीला गेले. माणसाच्या अंगात तेवढा वारा नसतो. माझा गाल डब्यावर होता आणि त्या वेळी माझ्या ध्यानात आलं की रस्ता बंद पडलाय. शटरातून एक बस जाताना दिसली, मागून एक दुधाची मोटारसायकल गेली. एकीचाही आवाज नव्हता. मी डब्यावरून गाल उचलला आणि सगळा पेठ रोड एकदम कानावर कोसळला.

मी दादाच्या खांद्याला धरून त्याला मागे ओढलं. त्याच्या ओठांभोवती लाल गोल वळ उठला होता. त्याने दोनदा श्वास घेतला आणि हसला.

"ओढतोय रे आत," तो म्हणाला. "मस्त ओढतोय."

बोळा काढायला मी पक्कड घातली. पक्कड बोळ्यापर्यंत पोहोचलीच नाही. वाकडी तार घातली, तीही नुसती आत जात राहिली. "राहू दे, जळून जाईल," दादा म्हणाला. खरं तर तोंड बुजलेलं असलं की गाडी गुदमरून बंद पडते. ती पडली नाही. सावळीरामने ती सुरू केली तेव्हा सुरू झालीय हे समजायला त्याला बॉनेटवर तळहात ठेवावा लागला.

४

त्याच दिवशी दुपारी मी ग्राइंडरचं चाक बदलत होतो. दादा माझ्या पाठीमागे एका टेम्पोचा पाइप सरळ करत होता. ठोकाठोक थांबली म्हणून मी वळून बघितलं. थांबली नव्हती. दादा हातोडा मारत होता. हातोडा पाइपवर पडत होता, पाइप वाकत होता. आवाज नव्हता.

मी त्याच्या हातून हातोडा घेतला आणि मारला. ठण. त्याच्या हातात दिला. त्याने मारला आणि काही नाही. त्याने मोठ्या ताकदीने मारला, पाइप चेपला, तरी काही नाही. तो हातोड्याच्या डोक्याकडे बघत बसला.

"कानात मळ झाला असेल," तो म्हणाला. म्हणाला तेही मला भिंतीपलीकडून आल्यासारखं लागलं.

मग त्याने टपरीकडे तोंड करून चहा सांगितला. टपरीवाल्याने वर बघितलं नाही. दादाने पुन्हा सांगितला. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. टपरीवाला पेले विसळत होता. शेवटी मी रस्ता ओलांडून गेलो आणि दोन कट सांगितले. "आज रविदादा गप्प कसा?" त्याने विचारलं. मी पेले घेऊन परत आलो.

आम्ही म्हसरूळला राहतो. दादा, सुवर्णा वहिनी, त्यांची चार वर्षांची आरोही आणि मी. संध्याकाळी दादा घरात शिरला आणि वहिनीच्या हातून पातेलं निसटलं.

"अहो, मांजरासारखे काय येता! चपलेचा आवाज नाही, काही नाही."

दादा हसला. ते हसणं फक्त दिसलं.

आरोहीला एक सवय होती. बाप खाटेवर पडला की ती त्याच्या पोटाला कान लावायची. आत गुडगुड व्हायचं, त्याला ती बेडूक म्हणायची. त्या दिवशीही तिने कान लावला. बराच वेळ लावला. मग या बाजूचा काढून त्या बाजूचा लावला.

"बाबा," ती म्हणाली, "बेडूक गेला."

५

पुढे रोज थोडं थोडं जात राहिलं. खोकला गेला. चूळ भरण्याचा, भाकरी मोडण्याचा आवाज गेला. मोबाइलवर त्याने कोणाला फोन लावला की समोरचा माणूस नुसता हॅलो हॅलो करायचा. मग एके सकाळी तो बोलायला लागला आणि फक्त ओठ हलले.

वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "भाऊजी, तुम्ही दिवसभर त्यांच्याजवळ असता. काय झालंय? गॅस नाकातोंडात गेला का? काहीतरी सांगा. तुम्ही सुद्धा गप्प राहिलात तर मी कोणाला विचारू?"

मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी घशात नळी घालून बघितलं, म्हणाले, घसा अगदी ठीक आहे, स्वरयंत्रही हलतंय. मग छाती तपासायचं यंत्र कानाला लावलं. छातीवर ठेवलं. सरकवलं. पाठीवर ठेवलं. कानातून काढून फुंकून बघितलं. शेजारच्या खोलीतून दुसरं मागवलं आणि तेही तसंच फिरवलं. मग त्यांनी दादाचं मनगट धरलं आणि धरूनच राहिले.

"नाडी आहे," ते म्हणाले. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, स्वतःलाच सांगितलं.

"मग छातीत?" वहिनीने विचारलं.

"ही जुनी झालीत बहुतेक दोन्ही." त्यांनी ती खणात ठेवली आणि खण बंद केला. मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. चिठ्ठी लिहिताना त्यांनी एकदाही दादाकडे पाहिलं नाही. आम्ही उठत होतो तेव्हा दारातली बाई म्हणाली, "पुढचे या," आणि दादा अजून खुर्चीवर बसलेला असताना एक म्हातारा त्याच्या मांडीवर बसायला लागला. दादाने त्याला ढकलला तेव्हा तो दचकून म्हणाला, "माफ करा, मला वाटलं रिकामी आहे."

रिक्षात दादाने माझा हात पकडला होता. इतका घट्ट, की बोटं पांढरी पडली. तो रडत होता. रिक्षावाला आरशात मला आणि वहिनीला बघून म्हणाला, "तिघं म्हणाला होता ना? तिसरा कुठंय?"

तेव्हा मला समजलं की हे आवाजावर थांबणार नाही.

६

मी सावळीरामला फोन लावला. आयुष्यात मी आपणहून फार फोन लावलेले नाहीत. 

"काका, ती गाडी पुन्हा दुकानात आणा."

"कशाला?"

"डावा डबा उघडायचाय."

 मग तो हळू म्हणाला, "तुझा भाऊ बरा हाय का?"

"का विचारता?"

"मी रोज सकाळी गाडीला फडकं मारतो. मागं वाकलो की नळीतून ऐकू येतं. दोन कट, एक बिनसाखर. दोन कट, एक बिनसाखर. मला आधी वाटलं कुठं रेडिओ लागलाय."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. 

"लवकर ये," तो म्हणाला. "नवे सायलेन्सर आले. कालच बसवले. जुने मालक भंगारात दे म्हणतेत."

मी मोटारसायकलवर गेलो. मखमलाबादवरून गंगापूर गाव, पुढे धरणाचा रस्ता. दोन्हीकडे द्राक्षाचे मांडव, त्यात माणसं कामाला वाकलेली. सगळं रोजच्यासारखं होतं आणि मला प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं, आणि काय सांगावं ते मला येत नव्हतं.

सावळीराम फाटकापाशी उभा होता. डबा त्याने पोत्यात बांधून भिंतीच्या बाहेर, उन्हात आणून ठेवला होता. उजवा आतच पडला होता. त्याला कोणी बांधलं नव्हतं.

"काका, हा आधी कोणी जोडला होता? आधी कोणाचा आवाज यायचा?"

"मला नको इचारू," तो म्हणाला. त्याने पोत्याची गाठ पुन्हा आवळली. "मीच कापणार व्हतो. ग्राइंडर घेऊन बसलो बी. त्यानं मला नावानं हाक मारली."

"दादाने?"

"तुझ्या भावाला माझं नाव ठावं हाय का?"

मला आठवेना. कामाच्या दिवशी दादा त्याला काका म्हणत होता.

७

पोतं मागे बांधून मी पेठ रोडला आलो. पाठीला उष्णता लागत होती, पण ऊनही होतं. दादा दुकानात बसला होता. एक गिऱ्हाईक आत डोकावून "कोणी नाही वाटतं" म्हणत परत चाललं होतं.

मी डबा टेबलावर ठेवला आणि नळीला कान लावला.

"लख्या," आतून आवाज आला.

दादाचाच. कडेला थोडा खरखरीत, शेवटचं अक्षर लांबवणारा. मी त्या आवाजाला इतका भुकेला होतो की मला हुंदका फुटला.

"लख्या, काप. मी आतच आहे. घाबरतो काय मूर्खा? मी सांगतो ना."

मी दादाला जवळ ओढलं, त्याचं डोकं धरून नळीला लावलं. तो ऐकत राहिला. मग मागे सरकला. मागे सरकत भिंतीपर्यंत गेला आणि मान हलवायला लागला. नाही, नाही. त्याने माझा मोबाइल घेतला.  त्याने लिहिलं, *हा मी नाही.*

"तुझाच आवाज आहे दादा."

*आवाज माझा आहे. बोलतोय तो मी नाही.*

"काप रे," डबा म्हणाला. आता कान न लावताही ऐकू येत होतं. "आरोहीला झोप येत नसेल. काप."

दादाने माझं मनगट धरलं. त्या पकडीत जोर नव्हता, म्हणजे तो लावत होता पण मला लागत नव्हता. दोन दिवसांनी ती पकडही उरणार नाही, मांडीवर बसणाऱ्यांना ढकलायला हात उरणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी दोघांकडे बघितलं. समोर माझा भाऊ होता, डोळे पाण्याने भरलेले. आणि टेबलावर त्याचा आवाज होता. लहानपणापासून मी त्या आवाजाचं ऐकत आलो. तो ऊठ म्हणाला की उठलो, धर म्हणाला की धरलं. त्याला नाही म्हणायची मला सवय नव्हती.

मी ग्राइंडर सुरू केला.

चाक पत्रा चिरत गेलं. ठिणग्या उडाल्या, पण ग्राइंडरची किरकिर त्या फटीत बुडत होती. बोटभर चीर झाल्यावर मी थांबलो आणि मोबाइलची बत्ती लावून आत बघितलं. भोकांची नळी दिसायला हवी होती, जळकी लोकर दिसायला हवी होती.

बोळा दिसला. माझं फडकं. इतके दिवस आगीसारख्या धुरात राहून ते ओलंच होतं, त्यातून थेंब गळत होता. आणि त्याच्या मागे ओठ होते. दुसरा शब्द मला येत नाही. ते मिटलेले होते. उजेड पडला तेव्हा ते उघडले नाहीत. फक्त माझ्या बाजूला वळले.

मग आतून एक श्वास बाहेर आला. ऊन, लांब श्वास. तो दादाकडे गेला नाही. मी चिरेवर वाकलेलो होतो, माझं तोंड भीतीने उघडं होतं.

"दादा!" मी ओरडलो.

पलीकडे टपरीवाल्याने झटकन वर बघितलं, पेले खाली ठेवले आणि दोन्ही हात वर केले. "रविदादा!" तो आनंदाने ओरडला. "आला का आवाज!"

माझ्याशेजारी दादा उभा होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं आणि तो माझ्या गळ्याकडे बघत होता.

८

मी आता दुकानातच राहतो. घरी जात नाही, कोणाशी बोलत नाही. जे सांगायचं ते असं लिहून सांगतो. घरी का जात नाही तेवढं राहिलंय.

वहिनीला आम्ही सगळं दाखवलं, माझ्या गळ्यातून येणारा दादाचा आवाजही ऐकवला. ती रात्रभर बसून होती. सकाळी म्हणाली, "भाऊजी, आरोही सारखी विचारते. तिला ते दिसतात की नाही तेही मला आता कळत नाही. परवा ती त्यांच्यावर आपटली आणि रडलीसुद्धा नाही, नुसती इकडेतिकडे बघत राहिली. तुम्ही बोलत जा. थोडंच बोला. आवाज आला की ती तिकडे बघते. बघत राहिली तर कदाचित..." 

म्हणून आम्ही तसं करायला लागलो. दादा खाटेवर बसायचा, आरोही समोर. मी स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभा राहून फटीतून दादाचे ओठ बघायचो आणि ते जे म्हणतील ते म्हणायचो. काय जेवलीस? आज कोणता खेळ खेळलात? आरोही खळखळून हसायची, बापाच्या गळ्यात हात टाकायची. वहिनी डोळे मिटून ऐकायची. आणि खरंच, त्या वेळेपुरता दादा भरून आल्यासारखा दिसायचा. त्याचा हात तिच्या पाठीवर पडला की फ्रॉक दबायचा. मला वाटलं, हे जमेल. जन्मभर पडद्यामागे उभं राहायला लागलं तरी मी राहीन. मला ते अवघड नव्हतं.

एका दुपारी वहिनी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधायला गेली होती. दादा आरोहीला झोपवत होता. त्याचे ओठ म्हणाले, झोप आता.

मी म्हणालो, "ऊठ आता."

मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. दादाने पडद्याकडे बघितलं. त्याचे ओठ पुन्हा म्हणाले, झोप.

"ऊठ आरोही," माझ्या तोंडून आलं. "ये. इकडे ये बाळा."

ती उठून बसली. दादाने तिला धरलं. तिला काही लागल्याचं दिसलं नाही. ती त्याच्या हातांतून उठून सरळ चालायला लागली, जसं आपण उन्हातून चालतो. दादा पाठोपाठ आला, तिच्या पुढे गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात पसरले. ती हसत पुढे आली.

मी तोंड मिटलं. दात आवळले. दोन्ही हात तोंडावर दाबले, इतके की हिरड्यांतून रक्त आलं. माझ्या बोटांखाली माझे ओठ घट्ट मिटलेले होते, मला ते लागत होते, आणि आवाज थांबला नाही.

"ये ना गं. घाबरतेस काय? मी सांगतो ना."

आवाज गोड होता. माझ्या दादाचा होता.

मी मागच्या दाराने पळालो. ऊस, विहीर, कालवा, जिकडे पाय नेतील तिकडे. तिच्यापासून त्या आवाजाला लांब न्यायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि अजूनही एवढंच आहे. पण निघायच्या आधी पडदा हलला होता. तिने बाहेरून इवलीशी बोटं घातली होती, आणि माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघून तिने विचारलं होतं,

"बाबा, आत किती जण आहात?"